चिखल किती खोल, हवा किती : गिरणारे ते नांदूरमध्यमेश्वर

जुलैचा दुसरा पंधरवडा. नाशिकच्या पश्चिमेला भाताच्या आवणीची धांदल, पूर्वेला आभाळाकडे डोळे. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि सिन्नर-येवल्याकडे त्याहूनही कमी. त्यामुळे एकाच जिल्ह्यात, दोन-अडीच तासांच्या अंतरात, चिखलाच्या तीन तऱ्हा सापडतात. त्या तिन्हींत एकाच फेरीत गाडी घालायची, ही कल्पना भाऊजींची.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. अंबडला एमआयडीसीत लेथवर काम करतात आणि उरलेला वेळ त्यांच्या जिप्सीखाली झोपलेले असतात. ‘चिखल म्हणजे अठरा’ हे त्यांचं ठाम मत. चिखल दिसला की चारही चाकांत १८ पौंड (दर चौरस इंचाला) हवा ठेवायची, पुढे काही विचारायचं नाही. चिखलात गाडी घालणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी हाच आकडा असतो. मला तो कधीच पटला नव्हता. एक टन गाडीलाही १८ आणि पावणेदोन टन गाडीलाही १८, हे गणित शाळेतल्या पोरालाही खटकेल.

तर ते जिप्सीत, मी थारमध्ये. नवऱ्याची ड्युटी आयत्या वेळी बदलली, म्हणून माझ्या शेजारची सीट सासूबाईंनी पटकावली. अट एकच : त्र्यंबकेश्वराचं दर्शन झालं पाहिजे.

दिवस पहिला : गिरणारे, वाघेरा, हरसूल

सकाळी गंगापूर रोडला मिसळ खाल्ली, पापड-दह्यासकट. शेवटी जिलबीही झाली. गिरणाऱ्यापर्यंत रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. टोमॅटोचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे एरवी क्रेटच्या गाड्यांनी तुंबलेला रस्ता मोकळा होता. धोंडेगावाजवळ कश्यपी धरण लागलं, अर्धंमुर्धं भरलेलं. तिथून पुढे झड सुरू झाली, ती हरसूलपर्यंत थांबली नाही.

वाघेरा घाटाच्या अलीकडे डांबरी सोडून एका पाड्याकडे जाणारा कच्चा रस्ता धरला. तांबडी माती, दोन्ही बाजूंना खाचरं, मधून पाण्याचे ओहोळ. भाऊजी लगेच उतरले आणि व्हॉल्व्हवर बसले. १८ करणार म्हणजे करणारच. मी काचेतून बघत होते. तेवढ्यात घोंगडी पांघरलेले एक आजोबा गुरं घेऊन आले. थोडा वेळ भाऊजींचा उद्योग पाहून त्यांनी विचारलं, “हवा का सोडता?”

“चिखलासाठी, बाबा.”

आजोबा काही बोलले नाहीत. हातातली काठी त्यांनी रस्त्याच्या मधोमध चिखलात रोवली. चार बोटं गेली आणि ठक्‌ करून थांबली. दोन पावलं पुढे पुन्हा रोवली. पुन्हा ठक्‌. “खाली मुरूम आहे,” ते म्हणाले. “वरचं नुसतं ओलं.”

पहिल्या दिवसाचा सगळा धडा या ठक्‌मध्ये होता. वरचा चिखल पातळ आणि खाली घट्ट तळ असेल, तर चाकाने वरचा थर कापून तळाला टेकायला हवं. हवा फार कमी केली की टायर पसरतो, चिखलावर तरंगतो आणि घसरतो. माझे टायर २५५ रुंदीचे, म्हणजे आधीच पसरट. अशा ठिकाणी जिप्सीचे अरुंद टायर माझ्यापेक्षा बरे, हे मला मान्य करावं लागलं. भाऊजींना मात्र अठरा विसरावे लागले.

मी रस्त्यावर ३० ठेवते, इथे २५ वर आणले. तेवढ्याने टायरला थोडी लवचीकता येते, दगडावरून जाताना गाडी आपटत नाही आणि तळ पकडायला पुरेसा भार राहतो. भाऊजींनी २१ वर तडजोड केली. गाडी लो रेंजमध्ये (म्हणजे फोर बाय फोरचे कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गिअर), दुसरा गिअर, अॅक्सिलरेटरवर पाय स्थिर. पन्नासेक मीटरचा चढ होता, थार एकदा मागून सरकली पण थांबली नाही. जिप्सी रेघ ओढल्यासारखी सरळ गेली. वर पोचल्यावर भाऊजी म्हणाले, “बघा वहिनी, जिप्सी ती जिप्सी.” हवेबद्दल अवाक्षर नाही.

थोडं हिशोबाचं इथेच सांगून टाकते. टायर जमिनीला जेवढ्या भागावर टेकतो, त्या भागावरचा दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. पावणेदोन टन गाडीच्या एका चाकावर सुमारे ४४० किलो भार येतो. ३० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो, म्हणजे टेकलेला भाग झाला दोनशे दहा चौरस सेंटिमीटरच्या आसपास. हवा अर्धी केली की हा भाग कागदावर दुप्पट होतो. प्रत्यक्षात टायरच्या भिंतींचा ताठपणाही थोडा भार पेलतो, त्यामुळे अगदी दुप्पट होत नाही. आणि तो वाढतो मुख्यतः लांबीत. रुंदीत फारसा फरक पडत नाही. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं सगळे सांगतात, पण खरा फायदा मिळतो तो लांब झालेल्या टेकणीचा. एका वेळी जास्त नक्षी जमिनीत रुतते.

जिप्सी जेमतेम टनभर. तोच हिशोब तिला लावला तर तेवढ्याच टेकणीसाठी आकडा कितीतरी खाली येतो. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावायचा नाही. आपल्या गाडीचा मूळ आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. त्यात किती टक्के घट करायची, एवढंच ठरवायचं.

टक्केवारीचा हा विचार दुपारी लगेच कामाला आला. पाड्याच्या पुढच्या उतारावर एक पिकअप आडवा झाला होता. मागे युरियाच्या पंचवीस गोण्या, म्हणजे सव्वाअकराशे किलो. मागची चाकं फिरून फिरून चकचकीत झालेली. ड्रायव्हर वीस-बावीसचा पोरगा, कपाळावर हात मारून बसलेला. मी हवा मोजायचं गेज लावून पाहिलं तर मागच्या चाकांत ६० च्या वर हवा. माल असताना ती लागतेच, त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. इथे कुणी १८ केले असते तर टायर रिमवरून उतरला असता, नाहीतर त्याच्या भिंती तरी फाटल्या असत्या. आम्ही आधी निम्म्या गोण्या उतरवल्या (उतरवल्या म्हणजे पाड्यावरच्या पाच जणांनी, मी ताडपत्री धरली होती), मग मागची हवा ४० वर आणली. पहिल्या प्रयत्नात गाडी हलली, दुसऱ्यात निघाली. दोर तसाच पिशवीत राहिला.

त्यानंतर खरं काम होतं हवा परत भरण्याचं. बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर पिकअपचा टायर ६० पर्यंत नेतो, पण घाम फुटतो त्याला. एक चाक झालं की थंड होऊ द्यायचा. या वेळात पोराच्या चुलत्यांनी घरात नेलं. चुलीवर कोरा चहा, आलं घातलेला. मग आग्रहाने जेवण : नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाची आमटी आणि कोवळ्या बांबूच्या वास्त्याची भाजी. वास्ता मी पहिल्यांदाच खाल्ला. किंचित कडसर, चावायला करकरीत, वर लसणाची फोडणी. सासूबाईंनी तिथल्या काकूंकडून कृती लिहून घेतली : बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचं, ते पाणी फेकायचं, मग उकडायचं. “नाहीतर जीभ धरते,” काकू म्हणाल्या.

निघताना आजोबांनी त्यांची काठी मला दिली. मी नको म्हटलं, तर म्हणाले, “बांबू आहे. दुसरा तोडतो.”

मुक्काम हरसूलला, भाऊजींच्या कंपनीतल्या एका मित्राच्या घरी. रात्रभर पत्र्यावर पाऊस.

*पहिल्या दिवसातून निघालेल्या दोन गोष्टी.* हवा नेहमी टायर थंड असताना मोजायची. चाळीस-पन्नास किलोमीटर पळालेला टायर तीन-चार पौंड जास्त दाखवतो. त्या गरम टायरमधून सोडून २५ केले, तर थंड झाल्यावर ते २१-२२ निघतात. दुसरं, गेज आपलं स्वतःचं हवं आणि कायम तेच. पंपावरची मशीन प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगते. आपलं गेज दोन पौंडांनी चुकत असलं तरी रोज तेवढंच चुकतं, तेवढं पुरतं.

दिवस दुसरा : त्र्यंबक, पहिने, वैतरणेचा काठ

सकाळी त्र्यंबकेश्वर. श्रावण लागायचा होता म्हणून रांग माणसात होती. सासूबाई कुशावर्तावर जाऊन आल्या, प्रसादाची पिशवी डॅशबोर्डवर ठेवली आणि म्हणाल्या, “आता घाला कुठे घालायची ती गाडी.”

ब्रह्मगिरीच्या एका अंगाला पडलेलं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे निघतं, आणि जवळच उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्र गाठते. पहिनेच्या बारीत शिरलो तेव्हा ढग बोनेटवर आले होते. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून धबधबे लोंबत होते. वाऱ्याने त्यांचं पाणी उलटं वर उडत होतं. शनिवार-रविवारी इथे गाड्यांची आणि रील काढणाऱ्यांची जत्रा असते. आम्ही मधल्या वारी गेलो, तुम्हीही जमलं तर तसंच करा. थांबलो दहा मिनिटं, भुट्टा खाल्ला, पुढे निघालो.

ऊर्ध्व वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. जलाशयाच्या वरच्या अंगाला एका आबांची भातशेती आहे, त्यांच्याशी आधी बोलून ठेवलं होतं. त्यांच्या घरापासून वरच्या माळापर्यंत जाणारी गाडीवाट दोन खाचरांच्या मधून जाते. तीच आमची दुसऱ्या दिवसाची परीक्षा. खाचरात आवणी चालू होती. बायका गुडघाभर पाण्यात ओळीने वाकलेल्या, डोक्यावर प्लास्टिकचे कागद बांधलेले. वाट म्हणजे गाळाचा पट्टा, रंग राखाडी-तपकिरी, वर पाणी तरंगलेलं.

काठी रोवली. वीतभर गेली, हातभर गेली, गुडघ्याच्या वर गेली. ठक्‌ नाहीच. मी भाऊजींकडे बघितलं, भाऊजी माझ्याकडे. हा कालचा चिखल नव्हता. इथे तळ शोधायला गेलं तर गाडी पोटावर बसणार. म्हणजे तरंगायला हवं, टेकण लांब हवी, हवा चांगली खाली आणायला हवी. भाऊजींचे अठरा कालच्यापेक्षा इथे जास्त शोभले असते. मी तर १५ म्हणत होते.

आबा बांधावर बसून तंबाखू मळत होते. “किती हवा ठेवणार?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते हसले. “आमच्या ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला बारा-चौदाच असते. त्यातही पाणी भरलंय, वजनासाठी. पण खाचरात तेही चालत नाही, लोखंडी चाकं लावतो.” त्यांनी बोट दाखवलं. पलीकडच्या खाचरात चिखलणी चालली होती, आणि ट्रॅक्टरच्या रबरी चाकांच्या बाजूला पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं गाळ कापत फिरत होती. साध्या टायरची नक्षी अशा गाळात पहिल्याच फेऱ्याला भरून जाते, पिंजऱ्यात भरायला काही नसतं. “तुमचं रबर या वाटेवर निघेल,” आबा म्हणाले, “पण पंधरा करू नका. मधल्या वळणावर मागच्या साली आम्ही धोंडे टाकलेत. बैलगाडी रुतायची.”

हे ऐकल्यावर आकडा तिथल्या तिथे बदलला. हवा कमी केली की टायरच्या भिंती बाहेर फुगतात आणि चिखलाखालच्या धोंड्याची धार त्या फुगलेल्या भिंतीलाच लागते. नक्षीतलं पंक्चर वाटेत काढता येतं, भिंत फाटली की टायर गेला. शिवाय १५ च्या खाली साध्या रिमवर टायरची कड सुटण्याची भीती असते, विशेषतः रुतलेल्या चाकावर स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर. भाऊजींच्या जिप्सीला तर ट्यूब आहेत. फार कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. मी १९ केले, भाऊजींनी १८. “शेवटी अठराच,” ते म्हणाले. कारण मात्र वेगळं होतं, आणि मी ते त्यांच्या तोंडून वदवून घेतलं.

तिसरा गिअर, लो रेंज. इथे कालच्यासारखं हळू चालून भागत नाही. चालण्याचा जोर तुटला की गाडी बसते. आधी जिप्सी गेली, हलकी असल्यामुळे वरच्यावर. तिने केलेल्या चाकोरीत मी चाकं घातली नाहीत, अर्धा हात डावीकडून घेतली, कारण एकदा ढवळलेल्या गाळात दुसऱ्या गाडीला धरायला काही उरत नाही. वळणावर धोंडे लागले, दोन धक्के बसले. स्टिअरिंग मी डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहिले, त्याने टायरच्या कडा बाजूचा ताजा गाळ पकडतात. गाडीचं पोट दोनदा घासलं. सासूबाई वरचा दांडा धरून ‘त्र्यंबकराया, त्र्यंबकराया’ म्हणत होत्या. माळावर पोचल्यावर पहिला प्रश्न त्यांचाच, “परत याच वाटेने यायचंय का?”

यायचं होतं. पण आबांनी येऊ दिलं नाही. “दोनदा गेलात की वाट मोडेल, मग माझा ट्रॅक्टर कुठून जाईल?” त्यांनी माळावरून फिरून येणारी दगडी वाट दाखवली, तिने उतरलो. हे मला फार योग्य वाटलं. चिखलात गाडी घालण्याची हौस आपली, पण वाट कुणाच्या तरी रोजच्या वापरातली असते. आवणी झालेल्या खाचरात चाक घालणाऱ्याला तर गावाने गाडीसकट धरून ठेवावं. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरायचं नाही, आणि अंजनेरीसारख्या पठारावर गाडीचा विचारही नको. तिथे त्याच डोंगराच्या नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची एक जात आहे, इवलीशी. चाकाखाली कळणारही नाही.

संध्याकाळी आबांच्या सूनबाईंनी खेकड्यांचं कालवण केलं. खाचरातले छोटे खेकडे, पाट्यावर वाटून गाळलेला रस, वर काळा मसाला. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि ताटात वाफाळता इंद्रायणी भात. सासूबाईंचा चातुर्मास, त्यांनी दूध-भात खाल्ला आणि वासाबद्दल एकदाही तक्रार केली नाही. नाक मात्र पदराआड होतं.

*जाता जाता.* कमी हवेवर डांबरी रस्त्याला लागायचं नाही. लागावंच लागलं तर तीस-चाळीसच्या वर वेग नको. टायरच्या भिंती सारख्या दुमडून तापतात आणि आतून सुटतात. आम्ही घोटीच्या अलीकडे थांबून हवा भरली. गाडीचं इंजिन चालू ठेवूनच कॉम्प्रेसर लावा, नाहीतर टायर भरतील आणि बॅटरी बसेल. व्हॉल्व्हची टोपी विसरू नका, गाळाचा एक कणही पिन बसू देत नाही आणि रात्रभर हवा झिरपते. आणि हवा कमी केल्यावर गाडी एक-दोन सेंटिमीटर खाली बसते, हे लक्षात असू द्या. माझ्या गाडीचं पोट दोनदा घासलं त्यात याचाही वाटा होता.

दिवस तिसरा : सिन्नर, नांदूरमध्यमेश्वर

घोटी-सिन्नर रस्त्याने निघालो तसा पाऊस मागे राहिला. पांढुर्लीपर्यंत काचेवर थेंब होते, सिन्नरला ऊन. गाडी साठच्या वर गेली की स्टिअरिंग थरथरायला लागलं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी मोठं मोडलं. रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला गाळ रात्रीत सुकला होता, त्याने चाकाचा तोल गेला होता. बांबूने खरवडून काढला, थरथर गेली. चिखलातून आल्यावर बाहेरून धुतलेली गाडी बघून समाधान मानू नका, हात आत घाला.

गोंदेश्वराला थांबलो. यादवांच्या काळातलं मंदिर, भोवती चार छोटी देवळं, आणि त्या सकाळी आम्ही सोडून कुणीही नाही. त्र्यंबकच्या रांगेनंतर सासूबाईंना हे जास्त आवडलं, पण त्या ते कबूल करणार नाहीत.

निफाड तालुक्यात शिरलो की सगळं बदलतं. द्राक्षबागा, ऊस, मका, सोयाबीन, आणि खाली काळी. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, २०२० मध्ये जाहीर झालं. पण पक्ष्यांचा हंगाम हिवाळ्यात. आम्हाला जायचं होतं त्याच्या अलीकडे, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, सासूबाईंच्या मावसभावाच्या मळ्यात. आदल्या रात्री तिथे तासभर जोरदार सर झाली होती. डांबरीपासून वस्तीपर्यंत सरळ, सपाट शिववाट. ना चढ, ना उतार, ना पाणी. दोन दिवसांनंतर हे म्हणजे खेळणंच.

काठी रोवली. वीतभर गेली आणि थांबली. ठक्‌ नाही, पण थांबली. पाऊस इथे कमी, त्यामुळे ओल वरच्या वीतभरातच. “पहिल्या दिवसासारखंच,” भाऊजी म्हणाले. “खाली घट्ट आहे. पंचवीस ठेवा.” बरोबर वाटलं. दोघांनी तेवढेच ठेवले आणि जिप्सी पुढे गेली.

वीस-पंचवीस मीटर. त्यानंतर जिप्सीची चाकं दिसेनाशी झाली. टायरवर काळी मातीची कड चढली, त्या कडेवर दुसरी, गवताच्या काड्यांसकट. हळूहळू टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट भरली आणि चाक फिरायचंच थांबलं. गाडी रुतली नव्हती, घसरली नव्हती. नुसती जाम झाली होती.

सासूबाई खाली उतरल्या. साडी एका हाताने खोचून धरली, दुसऱ्या हाताने चिमूटभर माती उचलून तळहातावर वळली. मातीची लांबलचक वळी झाली, शेवयीसारखी, तुटेना. “त्या वाघेऱ्याच्या मातीची वळी झाली नसती,” त्या म्हणाल्या. “हे चांगलं मळलेलं पीठ आहे. याला तुम्ही काय करणार?”

खरंच काय करणार होतो? काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं, ते पाणी शोषून फुगतं आणि मिळेल त्याला चिकटतं. हवा २५ ठेवा नाहीतर १५, आमच्या ऑल टेरेन (सगळ्या प्रकारच्या रस्त्यांसाठीच्या) टायरची बारीक नक्षी एका फेऱ्यात भरते आणि टायर गुळगुळीत गोटा होतो. चाक जोरात फिरवून माती फेकायची हा एक उपाय सांगतात. मोठ्या, विरळ नक्षीच्या मड टायरला तो थोडाफार लागू पडतोही. आमच्या टायरला नाही. भाऊजींनी एकदा जोर लावून पाहिला, माती माझ्या काचेवर आली, बस. काठी खोली सांगते, पण चिकटपणा सांगत नाही. त्यासाठी माती बोटांत घ्यावी लागते.

मामा, म्हणजे सासूबाईंचे मावसभाऊ, वस्तीवरून चालत आले. पायात चपला नाहीत, चपला हातात. “अगं, कशाला एवढं?” त्यांनी सासूबाईंना विचारलं, मग आम्हाला म्हणाले, “ऊन पडलंय. दुपारपर्यंत वाफसा येईल, माती मोकळी होईल. गाडी राहू द्या तिथेच, जेवायला चला.”

आणि आम्ही गेलो. अनवाणी. चपलेला चिकटलेल्या किलो-किलो मातीसकट चालण्यापेक्षा ते सोपं. मामींनी पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा दिला. जेवून बागेत फेरी मारली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या काड्या मांडवावर तयार होत होत्या, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीची वाट बघत. मामांचा छोटा ट्रॅक्टर फवारणीचं ब्लोअर लावून शेडमध्ये उभा होता. तोही सकाळपासून बाहेर काढलेला नव्हता. मी विचारलं, त्याच्या चाकात किती हवा ठेवता? “हवा कितीही असो,” मामा म्हणाले, “ओल्यात घातला की बागेच्या ओळीत जमीन दाबली जाते, मुळं गुदमरतात. बुरशीची फवारणी चुकली तर नुकसान, घातली तर नुकसान. मग बघायचं कोणतं कमी ते.” पन्नास लाखांची गाडी आणून दिली तरी या माणसाने ती वाफसा आल्याशिवाय शेतात घातली नसती.

साडेतीनच्या सुमाराला वाटेवरची माती वरून राखाडी पडायला लागली. बोटात घेतली तर वळी होण्याआधी तुटायला लागली. जिप्सीच्या मडगार्डमधून भाऊजींनी खुरप्याने माती काढली, तासभर तरी गेला असेल. मग त्याच २५ वर, त्याच वाटेने, कसलाही खेळ न करता जिप्सी उलटी बाहेर आली. दोरही लागला नाही आणि लो रेंजही. थार मी वाटेत घातलीच नव्हती.

*काळ्या मातीसाठी वेगळं.* निफाड, येवला, सिन्नरच्या पूर्वेकडे पावसाळ्यात जाणार असाल तर हवेच्या आकड्यापेक्षा कालची सर किती वाजता झाली हे विचारा. खुरपं किंवा लोखंडी पट्टी जवळ ठेवा, लाकडी काठी मडगार्डमधली सुकलेली काळी काढताना मोडते. मडफ्लॅप काढता येत असतील तर काढून ठेवा, माती अडायला तीच पहिली जागा. आणि सपाट वाट बघून हुरळू नका.

संध्याकाळी चांदोरीजवळ हवा ३० वर आणली आणि नाशिकला आल्यावर दोन्ही गाड्या वॉशिंग सेंटरला लावल्या. तिथल्या पोराने जिप्सीच्या चाकाजवळ वाकून बोटाने एक ढेकूळ काढलं. आत तांबडं, मधे राखाडी, वर काळं.

“लाल असती तर तीनशे,” तो म्हणाला. “काळीचे शंभर जास्त.”

“आणि मधल्याचे?” सासूबाईंनी विचारलं, आणि घासाघीस सुरू केली.